जिवंत माग

आधी मलेशिया गेला.
तिथली ठेव आमच्या घराच्या किमतीला भिडत होती.
मग थायलंड : एम्रिसच्या गुडघ्याला तिथलं ऊन मानवलं असतं,
मला तिथले साप मानवले नसते.
पनामा त्याने स्वतःच खोडला, का ते सांगितलं नाही,
पट्टी धरून,
चौतीस वर्षं कारखान्यात पत्रा मोजलेल्या माणसाने
रेघ मारावी तशी.

उरला पोर्तुगाल.
दोन पेन्शनींत कसाबसा बसणारा देश.
ताविरात एक खोली, खाली चांभाराचं दुकान,
वर गच्ची, कपडे वाळत घालायची सोय आहे
असं घरमालकीण म्हणाली,
आणि इथे स्वान्सीत आम्ही एक्केचाळीस वर्षं
कपडे घरातच वाळवतोय,
खुर्च्यांच्या पाठींवर, पाहुण्यांसारखे.

मार्चभर जेवायच्या टेबलावर कागद.
मीठदाणीखाली बँकेची पत्रकं,
पावाच्या डब्यावर भाडेकरार.
जन्माचा दाखला मागितला, दिला.
लग्नाचा मागितला, शोधला, दिला.
विमा दिला. फोटो दिले.
फोटोत हसायचं नाही असा नियम.
एम्रिसला तो सोपा गेला.
आणि पोलिसांचा दाखला. दोघांचा, वेगवेगळा.

दाखले मंगळवारी आले.
तो कुत्रीची नखं कापून आणायला गेला होता.
हाताशी लोण्याची सुरी होती, तिनेच पाकिटं फोडली.
माझ्यावर छापलं होतं : माग नाही.
त्याच्यावर : जिवंत माग नाही.

मी चष्मा पुसला.
शब्द तिथेच होता.
जिवंत नाही म्हणजे कधीतरी होता,
मग म्हातारा झाला, कुणी विचारेना,
कुठल्याशा कपाटात मान टाकून पडला.
मी त्याच्यासाठी सूप चढवलं होतं.
एम्रिससाठी, म्हणजे.
आच बारीक करायची राहिली,
सूप उतू गेलं.

मी विचारलं नाही.
दाखला पाकिटात परत घातला,
पण कडेला लोणी लागलं होतं,
आणि पत्रा मोजणाऱ्याच्या नजरेतून डाग सुटत नाही.

रात्री, दिवा घालवल्यावर, तो छताला म्हणाला,
"तांब्याची तार. गोदीतली.
एकोणीस वर्षांचा होतो."
"किती?"
"एका खांद्याला पेलली तेवढी."
खालून कुत्रीचं घोरणं.
नवी कापलेली नखं फरशीवर मध्येच वाजली.
"तुझ्या वडलांना माहीत होतं."

माझे वडील.
लग्नात त्याचा हात हातात घेऊन
जरा जास्तच वेळ उभे राहिले होते.
मला वाटलं होतं, बिअर चढली.

शुक्रवारी भाषांतरवाल्या बाईंचा फोन,
सेन्योरा क्विंतेला, आवाज शिंकेच्या आधीचा असावा तसा.
"बाकी सगळं झालंय, फक्त हे जिवंत म्हणजे काय?
आमच्याकडे माग एकतर असतो, नाहीतर नसतो."
मी म्हणाले, आमच्याकडेही तसंच होतं,
मंगळवारपर्यंत.
त्या गप्प राहिल्या.
दोघांचं सारखंच लिहिता येईल का, मी विचारलं.
नाही म्हणाल्या, खाली शिक्का त्यांचा असतो.
टीप घालता येईल. टिपेचे पाच पौंड वेगळे.
ते मी माझ्या पर्समधून दिले,
आणि एम्रिसला सांगितलं नाही.
माझ्या नावावर आता तेवढं एक जमा आहे.

फाइल बांधून झालीये.
सतरा तारखेला लंडनला जायचं,
बोटांचे ठसे द्यायचे, दोघांनी, दहाही बोटांचे.
तो पायमोजे चढवत होता, चढवता चढवता थांबला.
"त्या गच्चीवर कपड्यांना दोरी आहे का तार?"

"तार असली तर जपून," मी म्हणाले.

तो हसला नाही.
फोटोत बसलाय तसाच बसून राहिला,
एक पाय उघडा.
मग त्याचा खांदा, उजवा,
हलायला लागला.